चंदाबाई आणि चाळीस फॅटचा डबा

"मग फेक! फेकून दे कचऱ्यात! चाळीस फॅटचा माल आहे, फेक!"

"आई, आवाज कमी. खालच्या म्हाताऱ्या बाईले वाटन इथी खून होऊन राह्यला."

"होऊनच राह्यला ना! दह्याचा!"

"हे दही नाई, क्वार्क आहे. आन् गोष्ट ते नाई. गोष्ट हे आहे का डबा शून्य फॅटचा आन् आतला माल चाळीसचा. हे कसं झालं?"

"मले काय मालूम? तुमच्या देशातले डबे तुम्हाले मालूम."

"माह्या देशातले? मी काय इथी जन्मली? सावली गावचीच आहो ना मी!"

"सावलीची पोट्टी असती तं फॅट काढलेलं दूध पैसे देऊन आणलं नसतं!"

पुनम रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती. अंगात अजून दवाखान्याचा निळा सदरा, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात तो डबा. पूर्व जर्मनीतल्या कॉटबुस शहरात ती नर्स आहे आणि तिसऱ्या मजल्यावर तिचं दीड खोलीचं घर आहे. भुकेच्या तडाख्यात तिनं फ्रिजमधून आईसाठीचा डबा पहिल्यांदाच काढला, एक चमचा तोंडात टाकला आणि जागच्या जागी थांबली. बिनफॅटचं क्वार्क, म्हणजे जर्मन लोकांचा चक्का, असं नसतं. ते कोरडं लागतं, खडूसारखं टाळूला चिकटतं. हे तर जिभेवरून लोण्यासारखं घसरत गेलं. मग तिनं कचऱ्याची बादली उघडली, आणि तळाशी, बटाट्याच्या सालीखाली, दुसऱ्याच कंपनीचं रिकामं पाकीट निघालं. त्यावर ठसठशीत आकडा होता : चाळीस.

म्हणजे तिची सख्खी आई गेले तीन आठवडे चाळीसवालं क्वार्क आणत होती आणि धुतलेल्या शून्याच्या डब्यात भरून ठेवत होती.

आता ही आई कोण, ते सांगायला हवं.

चंदाबाई गडचिरोलीजवळच्या सावलीपासून काही कोसांवरच्या एका खेड्यातली. घरी धानाची शेती थोडी आणि म्हशी तीन : काजळी, मोगरा आणि राणी. तिघीही नागपुरी, शिंगं तलवारीसारखी मागे मानेपर्यंत गेलेली. नवरा गेल्यावर पुनमचं नर्सिंग आणि धाकट्या निकेशची गाडी या तिघींच्या दुधातूनच उभी राहिली. चंदाबाईचा आवाज असा, की धानाच्या बांधीच्या ह्या टोकाला ती "वो सोमारी" म्हणाली की त्या टोकाला सोमारी तर वळतेच, शिवाय दोन बगळे उडतात.

गावात दुधाचं संकलन केंद्र आहे. तिथं मशीनमध्ये वाटीभर दूध घातलं की पडद्यावर आकडे उमटतात आणि फॅटच्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो. रोज सकाळी चंदाबाई त्या मशीनसमोर उभी राहायची आणि केंद्र चालवणाऱ्या लालसूचा जीव वरखाली व्हायचा.

"किती आली गा?"

"सहा पूर्णांक आठ, बाई."

"काल सात होती. एका रातीत माही म्हैस डाएटवर गेली का?"

"मशीन सांगते बाई, मी नाई सांगत."

"मंग मशीनले सांग, चंदाच्या म्हशीचं दूध आहे. पुन्हा पाह्य म्हणा."

लालसू पुन्हा पाहायचा. आकडा क्वचित सात यायचा, आणि त्या दिवशी चंदाबाई घरी जाताना वाटेत भेटेल त्याला "सात!" एवढंच सांगायची. अशी ही बाई. फॅट म्हणजे दुधाची इज्जत, असं मानून आयुष्य काढलेली.

पण गेल्या वर्षापासून गुडघ्यांनी दगा दिला. दूध काढायचं म्हणजे उकिडवं बसायचं, बादली दोन गुडघ्यांत धरायची. बसणं कसंबसं जमायचं, उठताना मात्र निकेशला हाक मारावी लागायची. निकेश सावली ते गडचिरोली काळीपिवळी चालवतो. सवारी बसलेली, हॉर्न वाजतोय आणि हा गोठ्यात आईला काखेत हात घालून उभी करतोय.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले. "ऑपरेशनची वेळ आली नाही अजून," ते म्हणाले, "पण दहा किलो उतरवा. मांड्या मजबूत करा. गुडघे अजून बरीच वर्षं चालतील."

निकेशनं मात्र वेगळाच इलाज काढला.

"आई, म्हशी इकून टाकू. लच्छूभाऊ घ्याले तयार आहे."

"कायले?"

"कायले म्हणजे? वाघ गोठ्याच्या कुडापर्यंत येऊन राह्यला, तुले उठता येत नाई आन् मले दूध काढता येत नाई. तिघांपैकी एकानं तं सुधारावं! वाघ तं सुधारत नाई."

"मी सुधारतो."

"कशी?"

"पुनमकडे जातो. तीन महिन्यांसाठी बोलावून राह्यली ना ते. तिथी वजन उतरवतो. वापस येऊन तिन्ही म्हशी काढीन आन् कोणाचा हात न धरता उठीन. नाई उठली तं बोलाव तुह्या लच्छूले."

"पक्कं?"

"पक्कं."

तर चंदाबाई जर्मनीला गेली ती थंडगार हवा खायला किंवा किल्ले बघायला नाही. तीन म्हशी पणाला लावून गेली.

आणि तिथं जाऊन तीन आठवडे चाळीस फॅटचं क्वार्क खात बसली. रविवारी वजनाच्या काट्यावर उभी राहिली, तर काटा उतरायचं सोडून थोडा वरच सरकला. पुनमला कोडं पडलं होतं. भात ढिगावरून वाटीवर आणला, साखर बंद, रोज फिरणं सुरू. आई अंड्याला शिवत नाही म्हणून डाळ आणि हे बिनफॅटचं क्वार्क. मग वजन येतंय कुठून?

ते आज कळलं.

"आई," पुनम खुर्चीवर बसली, आवाज उतरवला, "खरं सांग. काऊन केलं असं?"

चंदाबाईनं पदर सारखा केला. तिला खोटं बोलता येतं, पण दुसऱ्यांदा विचारलं की येत नाही.

"भाव जवळपास सारखाच होता वो."

"मग?"

"मग काय? तू मले एकटीले दुकानात पाठवलं. समोर दुधादह्याची भीत उभी. नाव वाचता येत नाई, आकडे येतात. एकावर शून्य, एकावर वीस, एकावर चाळीस. आन् भाव पाह्यला तं सारखाच! जवा एकाच भावात एक शून्य देऊन राह्यला आन् दुसरा चाळीस, तवा तू कोणता घेशीन?"

पुनमनं हसू दाबलं. आईच्या जागी उभं राहिलं की हिशोब अगदी चोख होता.

"मले वाटलं," चंदाबाई पुढे म्हणाली, "पोट्टीले बाजारातलं समजत नाई. रोग्यांचं खाणं आणून राह्यली बिचारी. बोल्ली तं भांडण होईन, म्हून गुपचूप डब्यात भरलं. तूही तं खाल्लं असतं चांगलं."

"आन् तुहं वजन?"

"वजनाचं जाऊ दे. गुडघ्याले वंगण नको का? बैलबंडीच्या आसाले तेल लावाच लागते ना?"

"आई, तू खाल्लेलं तूप गुडघ्यात नाई जात. ते कमरेत जाते. आन् मग ते कमर गुडघ्यावर बसते."

चंदाबाईनं हात कमरेवर नेला. हे वाक्य तिला लागलं, कारण त्यात कमरही तिची होती आणि गुडघाही तिचाच.

"आन् हे चाळीस पण खरं चाळीस नाई," पुनम म्हणाली. "पाणी सोडून जे सुकं उरते, त्याच्यावरचा आकडा आहे हा. खरं फॅट अकराच्या आसपास."

"म्हणजे इथीही ठगवतात?"

"ठगवत नाई. मागं बारीक अक्षरात सगळं लिहून ठेवते."

"तेच तं ठगवणं!"

पुनम उठली, चहा ठेवला, बिनसाखरेचा. मग आईच्या समोर येऊन तिनं विचारलं, "लालसूच्या मशीनवर फॅटच्या खाली दुसरा आकडा काय येते?"

"एसएनएफ."

"ते काय असते?"

"ते... फॅट सोडून जे राह्यते ते."

"काय राह्यते?"

इतकी वर्षं तो आकडा चंदाबाईनं पडद्यावर पाहिला होता. फॅटवरून ती भांडली, रुसली, एकदा तर दुधाची कॅन घेऊन परत फिरली. पण त्या खालच्या आकड्याकडे तिनं पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखंच पाहिलं होतं. आहे, असू दे.

"प्रोटीन त्याच्यात असते, आई. दुधातली साखर, खनिजं आन् प्रोटीन. वजन उतरवताना नुसतं कमी खाल्लं तं चरबीसोबत मांड्यांचं मांसही झडते. मांस झडलं तं म्हशीखालून उठशीन कशानं? म्हून प्रोटीन भरपूर पाहिजे आन् कॅलरी कमी. फॅट काढलं का कॅलरी निम्म्याहून कमी होते, प्रोटीन जागच्या जागी राह्यते. उलट वाढते."

"म्हणजे एसएनएफ खाचा, फॅट सोडाचा."

"बस! हेच तीन आठवड्यांपासून सांगून राह्यली."

"असं कुठी सांगितलं? तू तं प्रोटीन, प्रोटीन करत होती. एसएनएफ म्हटलं असतं तं समजली नसती का मी?" आणि लगेच, कपाळाला आठी घालून, "पण मग ते काढलेलं फॅट जाते कुठी?"

"लोणी करून विकतात."

"एकच दूध दोनदा इकतात!" चंदाबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जर्मन लोकांविषयी आदर उमटला. "हुशार आहेत बापा."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात खालच्या मजल्यावरची फ्राऊ लेमान, म्हणजे लेमानबाई, उभी. ऐंशीच्या घरातली, कापसासारखे केस, पायात लोकरीच्या सपाता. तिनं आत डोकावून जर्मनमध्ये काही विचारलं.

"काय म्हणते?" चंदाबाई.

"सगळं ठीक आहे ना, विचारते. आवाज ऐकला म्हणते."

"तिले सांग, आम्ही बोलून राह्यलो होतो."

पुनमनं सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली, पण चेहऱ्यावरून तिला पटलेलं दिसत नव्हतं. तिची नजर टेबलावर गेली. पुनमनं नुकतंच खरं, शून्यवालं क्वार्क आईपुढे वाढलं होतं आणि चंदाबाईनं त्याचा एक चमचा तोंडात धरून ठेवला होता. गिळवत नव्हता, थुंकवत नव्हता. फ्राऊ लेमाननं ते तोंड पाहिलं आणि "आय आय आय" करत, कठडा धरून जिना उतरून गेली.

"गेली वाटते."

"येऊन राह्यली वापस."

म्हातारी परत आली ती हातात ताट घेऊन. उकडलेले बटाटे, बारीक चिरलेला कांदा आणि एक काळसर बाटली. तिनं न विचारता चंदाबाईच्या वाटीतल्या क्वार्कमध्ये कांदा टाकला, मीठ टाकलं, वरून बाटलीतलं तेल चमचाभर फिरवलं आणि वाटी पुढे सरकवली.

चंदाबाईनं वाटी नाकाशी नेली आणि ताडकन उभी राहिली. म्हणजे ताडकन उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं तिला अर्ध्यावर थांबवलं.

"पुनम! हे तं जवस आहे वो!"

"हो. इकडं क्वार्क आन् जवसाचं तेल, हे यांचं जुनं जेवण आहे. बटाट्यासोबत."

"जवस! इथी! आन् तू मले सांगितलं नाई!"

"मले आवडत नाई ते, म्हून ध्यानात नाई आलं."

धान निघालं की आमच्याकडे बांधीत जवस आणि लाखोळीची डाळ पेरतात. निळ्या फुलांचं ते रान पाहत मोठी झालेली बाई, सात समुद्रापलीकडे वाटीतून तोच वास आल्यावर काय करणार? चंदाबाई आपल्या पिशवीकडे गेली आणि गावाहून आणलेल्या जवसाच्या चटणीचा डबा घेऊन आली. लाल तिखटाची, लसणाची, खरपूस भाजलेली. चिमूटभर म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

"आई, तिखट आहे ते! तिले सांगू तं दे!"

उशीर झाला होता. फ्राऊ लेमाननं चटणी तोंडात टाकली. लाल झाली. खोकली. डोळ्यांतून धारा. पुनम पाणी आणायला धावली. म्हातारीनं पाण्याचा पेला एका दमात संपवला, डोळे पुसले आणि तळहात पुन्हा पुढे केला.

"घे माय, घे," चंदाबाई म्हणाली. त्या दिवसापासून दोघींना पुनमची गरज उरली नाही. एक जर्मन बोलायची, एक झाडी बोली, आणि दोघींचं सगळं ठरायचं. पुनमनं एवढाच नियम घातला : तेल एक चमचा, चटणी एक चमचा, बटाटा एक. बाकी वाटीभर एसएनएफ.

मग चंदाबाई दुकानाच्या मागे लागली.

पुनमनं तिला एक सोपी युक्ती शिकवली होती. डब्याच्या मागे शंभर ग्रॅमचे आकडे असतात. प्रोटीनचा आकडा पाहायचा, त्याच्यापुढे मनातल्या मनात शून्य लावायचं. कॅलरीचा आकडा त्यापेक्षा कमी असेल तर डबा पास, जास्त असेल तर नापास. प्रोटीनला जर्मनमध्ये जो शब्द लिहितात तो चंदाबाईनं चित्रासारखा पाठ केला. शेवटी एक वेडंवाकडं, इंग्रजी B च्या पोटात वारा शिरल्यासारखं अक्षर, की समजायचं, हाच तो रकाना.

आणि ती त्या फ्रिजच्या भिंतीसमोर उभी राहिली, तशीच, जशी लालसूच्या मशीनसमोर उभी राहायची. चष्मा नाकावर, पिशवी काखेत.

"हे फळाचं दही. प्रोटीन तीन, म्हणजे तीस. कॅलरी नव्वदच्या वर! नापास. साखर कोंबली मेल्यांनी."

"आई, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. हे घट्ट दही?"

"ग्रीक पद्धतीचं. प्रोटीन पाच, कॅलरी एकशेवीस."

"नापास. दिसाले सुंदर आहे पण. हे?"

"स्कीर. हे बी बिनफॅटचं घट्ट दहीच. प्रोटीन अकरा, कॅलरी साठ-बासष्ट."

"पास! दोन घे. आन् हे काळ्या डब्यातलं? याच्यावर तं एवढं मोठं प्रोटीन लिहून आहे."

"पुडिंग आहे. पास होते, पण महाग आन् गोड."

चंदाबाईनं एकदा ते आणून खाल्लं. तिचा निकाल असा लागला की खोकल्याच्या औषधाला दह्याचे कपडे घातलेत. साधं क्वार्क त्याच्याहून स्वस्त आणि प्रोटीनला वरचढ, मग डब्यावर मोठ्यानं ओरडणाऱ्याच्या नादी कशाला लागायचं?

सगळ्यात मोठा पेच ताकाचा झाला. प्रोटीन साडेतीन, म्हणजे पस्तीस. कॅलरी सदतीस.

"नापास," पुनम म्हणाली.

"ताक? नापास?"

"नियम नियम आहे. तूच तं म्हणतेस मशीन सांगते ते खरं."

"मी कधी म्हटलं? मी तं म्हणतो पुन्हा पाह्य! दोन आकड्यांसाठी कोणी ताकाले घराबाहेर काढते का? पास कर त्याले."

ताक पास झालं. त्याची कढी झाली, गावाहून आणलेल्या लाखोळीच्या पिठाचा हात लावून, वर कढीपत्ता नव्हता म्हणून नुसतीच मोहरी. त्या घरात गुण देऊन वर चढवलेला तो एकच पदार्थ.

आणि एक पदार्थ पहिल्या नंबरानं पास झाला. हार्त्सर नावाचं पिवळट, चिकट चीज. प्रोटीन तीसच्या जवळ, फॅट जवळपास नाही. पुनमनं ते या घरात कधीच आणलं नव्हतं, कारण त्याचा वास. पाकीट उघडलं आणि पुनम खिडकी उघडायला पळाली.

"आई, बंद कर! कोणाच्या तरी मोज्यासारखा वास येऊन राह्यला!"

"काऊन? आपल्या बाजारात सुकट इकाले ठेवते ना, त्याच्या बाजूले बसून मी किती वर्षं वांगे इकले. हे तं काहीच नाई." तिनं त्यावर कांदा घातला, चटणी भुरभुरली आणि अर्ध्या भाकरीसोबत शांतपणे खाल्लं. "फक्त निकेशले नको सांगू. म्हणन, आई तिकडं जाऊन मासे खाऊन राह्यली."

काटा उतरू लागला. हळू, पण उतरू लागला. चंदाबाई रोज खुर्चीवरून हात न टेकवता उठायचा-बसायचा सराव करायची. पुढे पुढे खुर्चीच्या जागी बुटका पाट आला. एका दुपारी पुनम झोपेतून उठून बघते तर आई धुण्याच्या मशीनसमोर उकिडवी बसलेली, गुडघ्यांत रिकामी बादली, मशीनच्या गोल काचेला कपाळ टेकवलेलं.

"काय करून राह्यली?"

"म्हशीखाली बसाची सवय. हे बी गुरगुरते, हे बी गरम आहे. फक्त शेपटी नाई मारत."

अधूनमधून निकेशचा व्हिडिओ फोन यायचा.

"आई, काजळीनं लाथ मारली."

"तू थंड हातानं गेला असशीन."

"मोगरानं पान्हा चोरला. सुकलूले मजुरीनं लावला तं तो दोन दिवस आला आन् तिसऱ्या दिवशी म्हणते, वाघाच्या रस्त्यानं मी पहाटे येत नाई. आई, मी थकलो. लच्छूभाऊ चक्कर मारून गेला. भाव चांगला देऊन राह्यला."

"मी आली का पाहू."

"किती उतरलं?"

"उतरून राह्यलं."

"किती?"

"फोन कटून राह्यला, निकेश," चंदाबाई म्हणायची आणि लाल बटन दाबायची.

परतायच्या आदल्या रविवारी काट्यानं शेवटचा निकाल दिला. सात किलो. दहा नाही. पुनमनं आईला मिठी मारली, "सात म्हणजे खूप झाले गं," म्हणाली. चंदाबाईनं काट्यावर पुन्हा उभं राहून पाहिलं. फ्राऊ लेमाननं मात्र जवसाच्या तेलाची एक छोटी बाटली आणून तिच्या पिशवीत कोंबली आणि चटणीचा डबा आपल्या हातात धरून जिन्यात उभी राहिली, टॅक्सी वळेपर्यंत.

गावात धान घरी येऊन पडलं होतं. अंगणात पोती, हवेत कोंडा. चंदाबाई पोचली त्याच्या दुसऱ्या सकाळी लच्छू हजर. निकेशनंच बोलावलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो चहा फुंकत होता आणि गोठ्याकडे असा पाहत होता, जसं आधीच तिथं त्याचं काहीतरी बांधलंय.

"रामराम बाई. पतली झाली वो तुम्ही."

"बस लच्छूभाऊ. चहा पे. तमाशा पाहाले आला ना? पाह्य."

काजळीखाली चंदाबाई बसली. हळू, पण सरळ. काजळीनं मान वळवून पाहिलं, नाकातून फुस्स केलं, आणि बादलीत धार वाजली. निकेशला तीन महिन्यांत असा आवाज काढता आला नव्हता. दूध संपलं, चंदाबाईनं बादली बाजूला ठेवली, मांड्यांना जोर दिला आणि उठली.

लच्छूनं चहा खाली ठेवला.

मोगरा. बसली, काढली, उठली. या वेळी चेहऱ्यावर घाम.

राणी. बसली. काढली. आणि बसूनच राहिली.

निकेश पुढे झाला, हात लांब केला. कितीही भांडला तरी आईच ती.

"हात मागं घे."

"आई, राहू दे ना आता..."

"निकेश, हात मागं घे म्हटलं ना."

निकेशनं हात मागं घेतला. चंदाबाईनं एक श्वास घेतला, डावा तळवा राणीच्या रुंद पाठीवर टेकवला आणि मांड्यांवर जोर देत, दात आवळून, वर आली. उभी राहिली. राणी जागची हलली नाही.

"हे चालत नाई!" निकेश ओरडला. "आधार घेतला! लच्छूभाऊ, पाह्यलं ना तुम्ही?"

"काय ठरलं होतं?" चंदाबाई धापा टाकत म्हणाली. "कोणाचा हात न धरता. मी कोणाचा हात धरला?"

"म्हशीची पाठ धरली!"

"म्हशीले हात असते का?"

लच्छूला हसू आलं, आणि ते त्याला परवडणारं नव्हतं, म्हणून त्यानं मिशीवरून हात फिरवला. "बाई उठली, ते तं खरं आहे."

"तुम्ही घेनारे आहा का वकील आहा?" निकेश त्याच्यावर घसरला. मग आईकडे वळला. "आन् वजन? डॉक्टरनं दहा सांगितले होते. पुनमनं मले सांगितलं, सातच उतरले. तीन बाकी आहे. ते कधी उतरनार? इथी तुले कोण देईन ते बिनफॅटचं?"

"दुधावरची साय काढाले काय जर्मनी लागते? साय तू खा. तुह्या आंगावर तसंही काही दिसत नाई."

"आई, मजाक नको. उद्या गुडघा पुन्हा बसला तं? वाघ आला तं? मी सवाऱ्या सोडून रोज..."

"रोज काय? आज बोलावलं का मी तुले?"

आज तिनं त्याला बोलावलं नव्हतं, हे अंगणातल्या कोंबड्यांनीही पाहिलं होतं.

लच्छू उठला. पँट झटकली. व्यवहाराचा माणूस, रिकाम्या हातानं जायचं तर निदान एक शब्द तरी घेऊन जायचा. "बाई, मले दुसऱ्या गावाले जाचं आहे. साफ सांगा. सौदा मोडला समजू का?"

चंदाबाईनं तिन्ही बादल्यांतलं दूध कॅनमध्ये ओतलं. झाकण घट्ट बसवलं. पदर कमरेला खोचला. एरवी ही कॅन निकेशच्या गाडीत चढायची आणि चंदाबाई तिच्या बाजूला. आज निकेश किल्ली घेऊन पुढे आला, तर तिनं कॅन स्वतःच उचलली.

"बाई, बोला ना काही."

"आई, लच्छूभाऊ विचारून राह्यले. आई! काय सांगू त्याईले?"

"सांग त्याईले, उद्या पहाटेही मलेच काढाचं आहे," म्हणत चंदाबाई कॅन घेऊन फाटकातून बाहेर पडली आणि केंद्राच्या रस्त्याला लागली.